लग्नघरचें वाजंत्र आणि पाहुण्यांचे पाय

लग्नांतील वाद्यांविषयीं आज आपल्याशीं चार शब्द बोलावे असें योजिलें आहे. विषय वरकरणी करमणुकीचा दिसतो. परंतु आमच्या बीड जिल्ह्यांत तो खर्चाचा, मानापमानाचा आणि कधीं कधीं प्रकृतीचाही होऊन बसतो. ऊसतोडीस गेलेलीं कुटुंबें कारखान्यांचा हंगाम आटोपून चैत्राच्या सुमारास गांवीं परततात, आणि मग वैशाखांत लग्नांची एकच दाटी होते. पांच-सहा महिने दूर राहिलेले आप्त एका मांडवांत भेटतात. त्यांनीं आनंदानें नाचावें ही इच्छा स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच कीं, त्यांस नाचवावयाचें कसें?

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतों. थोरल्या मुलाच्या लग्नांत मीं मोठ्या ध्वनिक्षेपकांची गाडी ठरविली होती. मुहूर्त दुपारीं १२ वाजून ३५ मिनिटांचा. परण्या मारुतीच्या दर्शनास गेला. तेथून मांडव अवघ्या चारशें पावलांवर होता; पण तेवढी वाट चालावयास आम्हांस पावणेदोन तास लागले. दहा-पंधरा तरुण गाडीपुढें नाचत होते आणि दोनशें पाहुणे वैशाखाच्या उन्हांत ताटकळत होते. वधूपिता मांडवाच्या दाराशीं घड्याळाकडे पाहत उभा होता. माझ्या वडील बंधूंच्या हृदयावर पूर्वीं शस्त्रक्रिया झाली होती. त्या दणक्यानें ते कासावीस झाले, छातीवर हात ठेवून कोणाच्याशा ओसरीवर टेकले, आणि अक्षता न टाकतांच घरीं परतले. त्या लग्नाच्या एकाही छायाचित्रांत ते नाहींत.

तेव्हांपासून मी या प्रश्नाचा विचार करीत आलों आहें. माझ्या मतें मुख्य चूक ही होते कीं, आपण साऱ्या दिवसास एकच वाद्य लावतों. वास्तविक लग्नाच्या दिवसाचे निरनिराळे प्रहर असतात, आणि प्रत्येकाचें संगीत वेगळें असतें.

हळदीची वेळ ही स्त्रियांच्या गळ्याची. तेथें यंत्र लावणें म्हणजे गाणाऱ्यांचीं तोंडें बंद करणें होय. हेमा रायरकर आणि गी पॉइतव्हँ यांनीं जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या कामासाठीं १९९६ सालीं आमच्या माजलगांवच्या भीमनगरांत ध्वनिमुद्रणही झालें. ज्या ओव्या जगानें जपून ठेवाव्या, त्या आपल्याच ओसरीवर कोणास ऐकूं येऊं नयेत, हें बरें नव्हे.

मुहूर्ताची आणि पंगतीची वेळ सनईची. एकजण सूर धरून बसतो, दुसरा राग वाढवीत नेतो. तिच्या आवाजांत माणसें बोलूं शकतात, व्याही व्याह्यास आग्रह करूं शकतो. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनीं ही मंगलकार्याची सनई मैफलींत नेली, १९४७ सालीं लाल किल्ल्यावर वाजविली, आणि २००१ सालीं त्यांस भारतरत्न मिळालें. असें वाद्य आमच्या मांडवांत आज बहुधा ध्वनिमुद्रित स्वरूपांत, तेंही पांच मिनिटांपुरतें वाजतें.

उरली वरात; आणि नाचण्याची खरी वेळ ती, उन्हें उतरल्यावरची. येथें हलगीसारखें वाद्य नाहीं. कड्यावर ताणलेलें कातडें हवेच्या ओलाव्यानें सैल पडतें, म्हणून वाजविणारा तें विस्तवावर शेकून घेतो आणि मग दोन काठ्यांनीं बोल काढतो. तो सदैव नाचणाराच्या पायांकडे पाहत असतो. पोरें रंगांत आलीं कीं लय चढवितो, म्हातारें माणूस रिंगणांत उतरलें कीं लय उतरवितो. ध्वनिक्षेपकाच्या गाडीस डोळे नसतात.

शिवाय त्या गाडीच्या आवाजाचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. आवाज डेसिबल या मापानें मोजतात. आणि तीन डेसिबल वाढले कीं ध्वनीची शक्ति दुप्पट होते. ८५ डेसिबलच्या आवाजांत दिवसाकाठीं आठ तास राहिल्यास चालेल असें तज्ज्ञ मानतात. १०० डेसिबलला तीच मर्यादा १५ मिनिटांवर येते. सन २००० च्या नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि उघड्यावर रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत ध्वनिक्षेपक वाजविण्यास मनाई आहे. ज्या आवाजानें तान्हें मूल दचकून रडतें, त्या आवाजांत आजीबाई नाचेल कशी?

तथापि नव्या गाण्यांचा मी वैरी नव्हे. २०१६ सालीं ‘सैराट’ चित्रपटांतील ‘झिंगाट’ आलें. तें लागतांच माझीही टाच जागची हलते. प्रश्न गाण्याचा नाहीं, मात्रेचा आणि वेळेचा आहे.

मीं कित्येक वर्षें शाळेंत मुलांस लेझीम शिकविली. त्या अनुभवांतून चार गोष्टी सांगतों. पहिली: आरंभ सर्वांस येईल अशा सोप्या पावलानें करावा, अवघड चाल आधीं लावली कीं निम्मे लोक प्रेक्षक होतात. दुसरी: गर्दी करण्याऐवजीं रिंगण धरावें, म्हणजे पाहणाराला आंत येण्यास वाट सांपडते. तिसरी: दहा-पंधरा मिनिटांनीं थांबून पाणी द्यावें, दमलेला पाय पुनः उठतो, कंटाळलेला उठत नाहीं. चौथी आणि महत्त्वाची: ‘आणखी एक होऊं द्या’ असें लोक म्हणत असतांनाच थांबावें.

वाजविणारांविषयींही एक गोष्ट बोललीच पाहिजे. पूर्वीं गांवांत हलगी वाजविणें हें जातीनें लादलेलें काम होतें. वाजविणारानें मांडवाबाहेर उभें राहावें आणि उरलेलें अन्न न्यावें, अशी रीत होती. ती आठवण ज्यांच्या मनांत ताजी आहे, अशा कित्येकांनीं हलगी खुंटीस टांगली, त्यांस दोष देतां येणार नाहीं. आज ज्यास तें वाद्य हवें, त्यानें कलावंतास बोलवावें तसें बोलवावें: बिदागी आधीं ठरवावी, ठरेल ती हातीं द्यावी, आणि पाहुण्यांच्याच पंगतींत त्याचें पान मांडावें.

धाकट्या मुलाच्या लग्नांत मीं हें सर्व पाळलें. मारुतीपासून मांडवापर्यंतची वाट वीस मिनिटांत संपली आणि मुहूर्त साधला. सायंकाळीं तीन हलगीवाले आले. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनीं लेझिमा आणल्या. शेवटचा तासभर तरुणांच्या आवडीचीं गाणीं लहानशा ध्वनिक्षेपकावर लावलीं, आणि साडेनवास सर्व बंद केलें. मध्यंतरीं माझ्या सत्तरी उलटलेल्या वहिनी रिंगणाच्या कडेशीं येऊन उभ्या राहिल्या. हलगीवाल्यानें त्यांच्याकडे पाहून लय उतरविली, आणि वहिनींनीं आठ पावलें टाकलीं. वडील बंधू मात्र तें पाहावयास राहिले नव्हते.

श्रोतेहो, येत्या वैशाखांत आपल्या घरीं कार्य निघालें, तर वाद्य ठरविण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वृद्ध माणसास आणि सर्वांत लहान मुलास डोळ्यांपुढें आणावें. त्यांस जें सोसेल, त्यावर बाकीचे सारे खुशाल नाचतील.