टिकाऊ रसायने आणि पुरुषांची प्रजननक्षमता

डीडीटी, एंडोसल्फान यांसारखी कीटकनाशके आणि पीसीबीसारखी औद्योगिक रसायने माती, गाळ आणि प्राण्यांच्या चरबीत वर्षानुवर्षे टिकतात. अन्नसाखळीतून ती माणसाच्या शरीरात साठतात आणि संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. डीडीटीपासून बनणारा डीडीई हा घटक टेस्टोस्टेरॉनचे कार्य रोखतो. गर्भाची जननेंद्रिये घडत असताना आलेला संपर्क विशेष घातक ठरू शकतो.

तापीकाठच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात केळी आणि कापूस ही प्रमुख पिके आहेत. या दोन्ही पिकांवर जगभर कीटकनाशकांचा मोठा वापर झाला आहे. केळीच्या मुळांवरील सूत्रकृमींसाठी मध्य अमेरिकेत डीबीसीपी हे कीटकनाशक वापरले जाई. १९७७ मध्ये ते बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातील कामगारांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प किंवा शून्य आढळले. पुढे कोस्टारिकातील केळीबागांच्या मजुरांमध्येही वंध्यत्व दिसून आले. संपर्क थांबल्यावर काहींची क्षमता परतली, काहींची कायमची गेली.

केरळच्या कासरगोडमध्ये काजूबागांवर वर्षानुवर्षे एंडोसल्फानची हवाई फवारणी झाली. त्याच्या संपर्कातील तेथील मुलग्यांमध्ये लैंगिक वाढ उशिरा होत असल्याचे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एंडोसल्फानच्या उत्पादनावर व वापरावर बंदी घातली.

फवारणी करताना हातमोजे व मुखपट्टी वापरावी, कपडे वेगळे धुवावेत, औषधाचे रिकामे डबे पाण्यासाठी घेऊ नयेत. मूल होत नसल्यास पत्नीबरोबर पतीचीही तपासणी करावी आणि डॉक्टरांना फवारणीच्या कामाची माहिती अवश्य द्यावी.