खेड्यातील पोलीस ठाणे : अपुरे मनुष्यबळ आणि आपली सुरक्षा

‘ठाण्यात गेलो, पण माणूसच नव्हता,’ असे सांगत परतणारे लोक वऱ्हाडात नेहमी भेटतात. माणूस का नसतो, हे प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

अकोला जिल्ह्यातील पिंजर, चान्नी किंवा अमरावती जिल्ह्यातील येवदा, खल्लार अशा ठाण्यांकडे अनेक गावे असतात. मंजूर पदे कागदावर असतात. प्रत्यक्षात कोणी रजेवर, कोणी न्यायालयात, कोणी समन्स बजावण्यास गेलेला असतो. ठाणे अंमलदार जागेवर हवाच. कोठडीत आरोपी असल्यास पहाराही हवा. त्यात कावडयात्रा, गणेशोत्सव किंवा निवडणूक आली की बंदोबस्तासाठी माणसे जातात. मग रात्रीच्या गस्तीला उरतात दोघे-तिघे.

1951 च्या पोलीस अधिनियमानुसार पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. त्यामुळे कामाच्या तासांना मर्यादा उरत नाही. 2021 मध्ये महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या पाळीचा प्रयोग नागपूर शहरानंतर अमरावती शहरात झाला. परंतु पाळ्या वाढवायच्या तर माणसेही वाढवावी लागतात. लहान ठाण्याची अडचण हीच आहे.

अपुऱ्या बळाचा धोका पोलिसांनाही असतो. नोव्हेंबर 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडचे उपनिरीक्षक छत्रपती चिडे यांना अवैध दारूच्या गाडीने चिरडले. एवढ्या जोखमीच्या कामावर मोजक्या माणसांना पाठविणे योग्य नव्हे.

तथापि, मनुष्यबळ नाही म्हणून तक्रार नाकारता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण चालत नाही. खबरीची प्रत विनामूल्य मिळते. नोंद न झाल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालाने अर्ज करावा. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या प्रकरणात, या समाजांचा नसलेल्या लोकसेवकाने कर्तव्यात जाणूनबुजून केलेली हयगय 1989 च्या अधिनियमाच्या कलम 4 नुसार गुन्हा ठरते. तातडीच्या प्रसंगी 112 क्रमांक आहे. गावात पोलीस पाटील आहेत.

म्हणून वस्तीतील सुशिक्षित तरुणांनी तक्रारदारासोबत ठाण्यात जावे, प्रत घेतल्याशिवाय परतू नये. त्याचबरोबर ग्रामसभेत ठराव करून रिक्त पदे भरण्याची मागणी लावून धरावी. ठाण्यात पुरेशी माणसे असतील, तरच रात्री-अपरात्री मदतीला कोणीतरी येईल.