‘मजूरच निष्काळजी’ या समजुतीची उलटतपासणी

अकोल्याहून पातूरचा घाट ओलांडून वाशीमकडे निघाले की वाटेत मेडशी लागते. राष्ट्रीय महामार्ग १६१ चौपदरी करताना या गावाच्या नावाने कामाचे दोन टप्पे पडले, अकोला ते मेडशी आणि मेडशी ते वाशीम. त्याच काळात मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. इतके मोठे बांधकाम या भागाने आधी कधी इतक्या जवळून पाहिले नव्हते. या कामांबरोबर एक वाक्यही गावोगाव रुजले. कामावर कोणी दगावला, कोणाचा हात गेला, की पहिला शेरा ठरलेला: मजूरच निष्काळजी असतात, बेल्ट दिला तरी लावत नाहीत, संध्याकाळी प्यायला मोकळे. हे ठेकेदार म्हणतो, अभियंता म्हणतो, रस्त्याकडेला चहा पिणारा म्हणतो आणि पुष्कळदा मजूर स्वतःही म्हणतो. ही समजूत चुकीची आहे. शिवाय ती घातक आहे, कारण एकदा दोष माणसाच्या स्वभावावर टाकला की दुरुस्त करण्यासारखे काही उरतच नाही.

या समजुतीला शास्त्राचा मुलामा देणारा एक आकडा सुरक्षेच्या प्रशिक्षणांत आजही फिरतो. १०० पैकी ८८ अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात, असे सांगितले जाते. हा आकडा १९३१ सालचा, अमेरिकेतल्या हर्बर्ट हाइनरिक यांच्या पुस्तकातला आहे. हाइनरिक ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीत होते. त्यांनी सुमारे ७५,००० अपघातांच्या नोंदी पाहिल्या, त्यातल्या १२,००० विम्याच्या निकाली दाव्यांतल्या आणि ६३,००० कारखानदारांनी ठेवलेल्या. म्हणजे अपघाताचे कारण ज्याने लिहिले, तो बहुतेक वेळा जखमी माणसाचा वरिष्ठ होता आणि एका अपघाताला एकच कारण मोजले गेले. यंत्राला जाळी नव्हती आणि कामगाराचा हात आत गेला, अशा घटनेत वरिष्ठ काय लिहील, हे सांगायला संशोधन लागत नाही. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा पडताळायचा प्रयत्न केला तेव्हा मूळ नोंदी हाती लागल्याच नाहीत. तरीही हा आकडा जवळजवळ शंभर वर्षे टिकून आहे, कारण तो सोयीचा आहे.

आता आपल्याच समृद्धी महामार्गाच्या कामावरच्या घटना घेऊ. २० ऑगस्ट २०२१ रोजी बुलढाणा जिल्ह्यात दुसरबीडजवळ समृद्धीच्या कामावरचा एक टिपर उलटला. त्यात लोखंडी सळ्या होत्या आणि मजूरही होते. १३ जण मरण पावले. सळ्यांवर बसून जाणे धोक्याचे आहे, हे त्या १३ जणांना कळत नव्हते असे मानायचे का? कामावर न्यायला दुसरे वाहन नसेल, तर ‘मी यात बसणार नाही’ म्हणणाऱ्याची त्या दिवसाची हजेरी बुडते. मुकादमाची उचल अंगावर असेल, तर नाही म्हणायची सोयच राहत नाही. वाहन कोणते आणायचे, त्यात लोखंड आणि माणसे एकत्र भरायची का, हे मजूर ठरवत नाही. दुसरी घटना १ ऑगस्ट २०२३ ची, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरजवळच्या सरलांबे येथील. पुलाचा गर्डर बसवणारे अवजड यंत्र मध्यरात्रीच्या सुमारास कोसळले आणि २० जण दगावले. शेकडो टनांचे ओझे वरून येते तेव्हा खालच्या माणसाने हेल्मेट घातले होते की नाही, हा प्रश्न विचारणेच अमानुष आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मोठ्या दुर्घटना सोडा, रोजच्या कामात मजूर बेल्ट काढून ठेवतो हे खोटे आहे का? खोटे नाही. पण तो का काढतो, ते पाहायला हवे. सेफ्टी बेल्टचा हूक कशात तरी अडकवावा लागतो. परांचीच्या वरच्या अंगाला पक्का दोर ओढलेलाच नसेल, तर हूक अडकवायचा कुठे? तो ज्या बांबूत अडकवायचा तो स्वतःच डुगडुगत असेल, तर बेल्ट हा नुसता देखावा ठरतो. सेंट्रिंगचे किंवा लोखंड बांधायचे काम अंगावर, म्हणजे मापावर दिलेले असेल, तर दर दहा पावलांना हूक काढून पुन्हा लावण्यात गेलेला वेळ मजुराच्या मजुरीतून जातो. वेगाचे पैसे द्यायचे आणि जपून काम न केल्याचा ठपका ठेवायचा, या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत. दारूचेही तसेच. प्यायलेला माणूस शिडी चढायला निघाला, तर त्याला थांबवायला खाली कोणी नव्हते, ही देखरेखीतली कसूर आहे. मजुराची जबाबदारी शून्य, असे माझे म्हणणे नाही. माणूस चुकणारच, हे धरून कामाची मांडणी करावी लागते, इतकेच. म्हणूनच जगभरच्या सुरक्षाशास्त्रात क्रम ठरलेला आहे. आधी धोकाच काढून टाका, ते जमत नसेल तर कमी धोक्याची पद्धत घ्या, मग कठडे, जाळ्या, झाकणे बसवा, मग नियम आणि पाळ्या, आणि सगळ्यात शेवटी अंगावरची साधने. आपल्याकडे सुरुवात हेल्मेटपासून होते आणि बहुतेकदा तिथेच संपते.

‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हा दुसरा आक्षेप. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. सुमारे ७२० माणसे दिवसरात्र पाळ्यांमध्ये राबली. वऱ्हाडातला जूनचा पहिला आठवडा, वर तापलेले डांबर. हीच माणसे, हाच मुलूख. त्या वेळी यशाचे श्रेय नियोजनाला, यंत्रांना, अभियंत्यांना मिळाले, आणि त्यात चूक काही नव्हते. मग काम फसले, माणूस मेला, की नियोजन अचानक दिसेनासे का होते आणि मजुराचा स्वभाव पुढे का येतो? विक्रम व्यवस्थेचा असेल, तर अपघातही व्यवस्थेचाच मानला पाहिजे. लंडनने २०१२ च्या ऑलिंपिकसाठीचे प्रचंड बांधकाम एकही कामगार न गमावता उभे केले. तिथले मजूर काही वेगळ्या मातीचे नव्हते.

याच मुळावर वाढलेले इतर गैरसमज थोडक्यात सांगता येतील. ‘आपल्या माणसाला उन्हाची सवय असते’: अकोल्या-वाशीमकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पण शरीर उष्णतेत काम करायला हळूहळू तयार होते आणि त्याला एक ते दोन आठवडे लागतात. आठवडाभर काम सुटले तरी ही तयारी ओसरू लागते. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेचा सल्ला आहे, की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातले काम पूर्ण पाळीच्या पाचव्या हिश्शाइतकेच द्यावे आणि मग रोज तेवढेच वाढवत न्यावे. उष्माघाताने दगावणाऱ्यांत कामावर नुकतेच आलेले अधिक असतात. ‘गूळ खाल्ला की धूळ निघून जाते’: गूळ पोटात जातो, सिलिकाची धूळ फुप्फुसात. लखनौच्या विषविज्ञान केंद्रातल्या १९९४ च्या एका उंदरांवरच्या अभ्यासाचा दाखला दिला जातो, पण त्यावरून माणसाला सिलिकोसिस होत नाही असे सिद्ध होत नाही. हा रोग बरा होत नाही, आणि दगड कापताना पाणी मारणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. ‘कामगार मंडळ म्हणजे भांडी वाटप’: १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर बसवला आणि मंडळाचा पैसा तिथून आला. ही खैरात नव्हे. मजुराच्या कामातून उभा राहिलेला निधी आहे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्याला नोंदणी करता येते आणि कामावर मृत्यू झाल्यास वारसांना ५ लाख रुपयांची तरतूद आहे. भांड्यांच्या संचासाठी रांग लागते आणि या तरतुदीची चौकशी कोणी करत नाही, याचे वाईट वाटते. ‘मानसिक ताण शिकलेल्यांना’: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशातल्या १,६४,०३३ आत्महत्यांपैकी ४२,००४ रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या होत्या, म्हणजे चारांत एकापेक्षा जास्त.

मजुराबद्दलची ही समजूत रस्ता झाल्यावर गावकऱ्याकडे वळते. दुभाजक फोडून वाट काढतात, उलट्या बाजूने गाडी चालवतात, लोकांना शिस्त नाही. पण ज्याचे घर एका अंगाला आणि शेत दुसऱ्या अंगाला, त्याला बैलजोडी घेऊन दोन-तीन किलोमीटर वळसा घाला म्हणायचे आणि तो घालेल असे गृहीत धरायचे, ही आखणीतलीच चूक आहे. त्याला आधी विचारले असते तर ती कागदावरच कळली असती. विचारायची तरतूद मात्र फार अरुंद आहे. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ प्रमाणे अधिसूचना निघाल्यावर हरकतीला २१ दिवस मिळतात आणि तेही ज्याचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्याला. जमीन जात नाही पण वाट जाते, अशा माणसाला तिथे जागा नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, पण महामार्गांच्या संपादनाला तो भाग लागू होत नाही. मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी तेवढ्या लागू होतात.

माहिती मिळाली नाही की तिची जागा अफवा घेते. पुलाला नरबळी लागतो, पोरे पळवतात, ही कुजबूज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बांगलादेशात २०१९ मध्ये पद्मा नदीवरच्या पुलाला माणसांची मुंडकी लागतात, अशा अफवेतून जमावाने आठ जणांचे बळी घेतले. तेव्हा पुढच्या कामाचे खांब गावात रोवले जाण्याआधीच ग्रामसभेने काही गोष्टी लेखी मागाव्यात: भुयारी मार्ग आणि सेवारस्ते दाखवणारा नकाशा, मजुरांचे मुक्कामाचे ठिकाण आणि तिथल्या पाण्याची सोय, त्यांना कामावर नेणाऱ्या वाहनाचा प्रकार, आणि तक्रार घ्यायला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याचे नाव. दुभाजकाचे काँक्रीट एकदा पडले की भुयारी मार्गासाठी नवे अंदाजपत्रक, नवी मंजुरी आणि बहुधा काही मृत्यू लागतात.