एका भिंगाचा कॅमेरा

घरातील जुनी पेटी उघडली, की तिच्या तळाशी कधी कधी एखादे पिवळे पडलेले छायाचित्र हाती लागते. ते बहुधा लग्नाचे किंवा मुंजीचे असते. मंडळी ओळीने बसलेली असतात, हात मांडीवर ठेवलेले असतात आणि कोणाच्याही चेहऱ्यावर हसू नसते. त्या चित्रावरून पणजीचा चेहरा कळतो. पण ती जात्यावर दळताना कशी बसे, भाकरी थापताना तिचे हात कसे चालत, नातवंडांना हाक मारताना ती कशी हसे, हे मात्र कळत नाही. त्या काळी छायाचित्र काढणे हे खर्चाचे काम होते. छायाचित्रकाराला घरी बोलवावे लागे, नाही तर नटूनथटून त्याच्या दुकानात जावे लागे. रोजचे साधे जीवन टिपण्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार?

आज ती अडचण उरलेली नाही. कॅमेरा आता खिशात मावतो. मोबाइल फोनातही कॅमेरा असतो. अशा छोट्या कॅमेऱ्यांपैकी एक प्रकार मोठा मौजेचा आहे. त्याला एकच भिंग असते. ते काढून दुसरे बसवता येत नाही आणि त्याला पुढेमागे सरकवून दूरची वस्तू जवळ आणता येत नाही. वरवर पाहता ही उणीव वाटते. परंतु रोजचे जीवन टिपू पाहणाऱ्यास ह्या उणिवेसारखा दुसरा शिक्षक नाही.

प्रथम ह्या कॅमेऱ्याचे काम कसे चालते ते पाहू. वस्तूवरून येणारा प्रकाश भिंगातून आत शिरतो आणि मागील एका लहानशा पट्टीवर वस्तूची उलटी प्रतिमा उमटते. पूर्वी त्या जागी फिल्म असे. डिजिटल कॅमेऱ्यात तिथे प्रकाशग्राहक पट्टी असते. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. ज्या घरावर जितका प्रकाश पडेल, तितका विद्युत्‌भार त्यात साठतो. त्याचे मोजमाप आकड्यांत होते आणि त्या आकड्यांपासून चित्र तयार होते. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन ह्या अभियंत्याने १९७५ साली असा पहिला कॅमेरा बनवला. त्याच्या पट्टीवर केवळ दहा हजार घरे होती आणि एक चित्र फितीवर नोंदवण्यास २३ सेकंद लागत. पुढे २०११ साली फुजीफिल्म एक्स-१०० हा एका भिंगाचा छोटा कॅमेरा बाजारात आला, तेव्हा त्याच्या पट्टीवर सुमारे १ कोटी २३ लक्ष घरे होती.

ह्याच कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर २३ मिलिमीटर आहे आणि प्रकाशग्राहक पट्टीची रुंदी सुमारे २४ मिलिमीटर आहे. ही दोन मापे जवळजवळ सारखी असल्यामुळे एक सोपा नियम हाती येतो. जितक्या अंतरावर उभे राहावे, साधारण तितक्याच रुंदीचा देखावा चित्रात मावतो. दोन मीटरवर उभे राहिले, तर दोन मीटर रुंदीचा. दहा मीटरवर राहिले, तर दहा मीटर रुंदीचा. काही दिवसांच्या सवयीने छायाचित्रकाराला कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वीच कळू लागते, की चित्रात काय येईल आणि काय बाहेर राहील.

आता असे समजू, की एक मुलगी आपल्या आजीचे छायाचित्र काढत आहे. आजी अंगणात बाजेवर बसून तांदूळ निवडत आहे. मुलगी तिच्यापासून चार मीटरवर उभी आहे आणि आजीच्या मागे वीस मीटरवर आंब्याचे झाड आहे. चित्रात आजी फार लहान दिसते. जवळ आणणारे भिंग असते, तर मुलीने जागेवरूनच आजी दुप्पट मोठी केली असती. पण त्याबरोबर झाडही दुप्पट मोठे झाले असते. एका भिंगाच्या कॅमेऱ्याला ते साधत नाही, म्हणून मुलगी दोन मीटर पुढे जाते. आता आजीचे अंतर निम्मे झाले, त्यामुळे ती चित्रात दुप्पट मोठी दिसते. झाडाचे अंतर मात्र २४ मीटरांवरून २२ मीटर एवढेच कमी झाले. म्हणून झाड होते जवळजवळ तेवढेच राहते. चित्रात आजी पुढे येते आणि झाड मागे राहते. भिंग फिरवून हे घडत नाही. ते पाय उचलल्यानेच घडते.

जवळ जाण्यालाही मर्यादा आहे. अगदी तोंडासमोर कॅमेरा धरला, तर नाक मोठे व कान लहान दिसतात. कारण नाक भिंगाच्या अधिक जवळ असते. तेव्हा किती जवळ जावे आणि कोठे थांबावे, हे पाहूनच ठरवावे लागते.

जागेनंतर विचार करावयाचा तो प्रकाशाचा. भर दुपारी ऊन डोक्यावरून पडते आणि डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या साचतात. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन चेहऱ्याला खुलवते. घरात चित्र काढावयाचे असेल, तर खिडकीजवळचा किंवा दाराजवळचा उजेड सर्वांत चांगला. चुलीपुढे बसलेल्या माणसाला हलवण्याऐवजी आपणच बाजू बदलावी, म्हणजे उजेड कोणत्या अंगाने पडतो हे दिसू लागते. पळणाऱ्या मुलांचे चित्र घेताना वेळेचाही हिशेब लागतो. सेकंदाला तीन मीटर वेगाने पळणारे मूल एका सेकंदाच्या तिसाव्या भागात दहा सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणून चित्र पुसट येते. तीच वेळ सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकी ठेवली, तर मूल केवळ सहा मिलिमीटर सरकते आणि चित्र स्पष्ट येते.

मर्यादित साधनांनी मोठे काम करणाऱ्यांमध्ये होमाय व्यारावाला ह्यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. त्यांचा जन्म १९१३ साली नवसारी येथे झाला व त्यांचे शिक्षण मुंबईत झाले. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांच्या कॅमेऱ्यांपैकी एक रोलायफ्लेक्स होता. त्याचेही भिंग बदलता येत नसे आणि फिल्मच्या एका गुंडाळीवर बाराच चित्रे निघत. स्वातंत्र्याच्या काळातील थोर पुढारी व ऐतिहासिक समारंभ त्यांनी टिपले. पण त्यांच्या कामाचा आरंभ मुंबईच्या रोजच्या जीवनातूनच झाला होता. २०११ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले.

डिजिटल कॅमेऱ्यात बाराच्या जागी शेकडो चित्रे मावतात आणि प्रत्येक चित्राला वेगळा खर्च येत नाही. ही सोय खरी. पण तिच्यामुळे न पाहताच खटका दाबण्याची सवय जडते. म्हणून दिवसाअखेर चित्रे निरखावीत, चांगली ठेवावीत आणि बाकीची काढून टाकावीत. ठेवलेल्या चित्रांची एक प्रत दुसरीकडे जपावी. काही चित्रे कागदावर छापून त्यांच्यामागे नाव, गाव व तारीख लिहावी. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. दुसऱ्याचा चेहरा ही त्याची स्वतःची वस्तू आहे. म्हणून आधी विचारावे, आणि कोणी नको म्हटले तर कॅमेरा खाली ठेवावा.

अंगणातील त्या मुलीनेही प्रथम आजीला विचारले होते. आजी म्हणाली, "अगं, थांब, चांगले लुगडे नेसून येते." मुलगी म्हणाली, "नको आजी, तू आहेस तशीच बैस." ती आणखी एक पाऊल पुढे सरकली. आजीला हसू आले, सुपातले तांदूळ खुळखुळले, आणि मुलीने खटका दाबला. पुढे कधी तरी कोणी ती पेटी उघडील, तेव्हा लग्नाच्या पिवळ्या चित्राशेजारी त्याला हेही चित्र सापडेल. आणि आजी कशी हसे, हे त्याला कोणाला विचारावे लागणार नाही.