बगळा मळकट का येतो?

फ्रेमभर टिपलेला शुभ्र बगळा फोटोत मळकट येतो आणि काळीभोर म्हैस राखाडी. लेन्सला बोल लावू नका. समोरचं दृश्य सरासरी १८ टक्के प्रकाश परावर्तित करतं, असं कॅमेऱ्यातला प्रकाशमापक धरून चालतो. म्हणून तो पांढरं गडद करतो, काळं उजळवतो. नवी लेन्स घेण्याआधी एवढ्यावर हात बसवाच: फोटोतला उजेड कमी-जास्त करणारं ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’ बगळ्यासाठी +१ करा, म्हणजे प्रकाश दुप्पट. म्हशीसाठी -१, म्हणजे निम्मा. बऱ्याच मोबाइलवर पडद्याला बोट लावलं की छोटा सूर्य दिसतो, तो वर-खाली सरकवायचा. मात्र बगळा लांबवर, गडद पाण्यात इवलासा असेल तर उलट वजाकडे जा. नाहीतर पिसांचे बारकावे पांढऱ्याफटक डागात जातात आणि नंतर एडिटिंगमध्येही सापडत नाहीत.