निशाला कुणी विचारलंच नाही

'हम आपके हैं कौन' म्हणजे लेकीसुनांबरोबर निर्धास्त बघावा असा सिनेमा, ही 1994पासूनची त्याची ख्याती. खलनायक नाही, मारामारी नाही; लग्नकार्यं, थट्टामस्करी आणि चौदा गाणी. सिनेमा 'स्वच्छ' आहे की नाही हे आपण रक्त आणि चुंबनं मोजून ठरवतो. घरातले निर्णय कोण कुणासाठी घेतं, ते मोजत नाही.

रेणुका शहाणेची पूजा जिन्यावरून पडून जाते. तान्ह्या बाळासाठी तिच्या धाकट्या बहिणीनं, निशानं, मेहुण्याशी, राजेशशी, लग्न करावं असं मोठी माणसं ठरवतात. निशाचं प्रेम राजेशच्या धाकट्या भावावर, प्रेमवर; आपलं लग्न त्याच्याशी ठरतंय असं समजून ती हो म्हणते. खरं कळल्यावरही गप्प राहते. प्रेमही गप्प. सिनेमा या गप्प बसण्याला त्याग म्हणतो. शेवटी निशानं प्रेमसाठी दिलेली चिठ्ठी राजेशकडे पोचवून गुंता सोडवतो कोण, तर घरचा कुत्रा टफी! एवढ्या प्रेमळ घरात एकाही माणसाला तिच्या मनातलं विचारावंसं वाटलं नाही, याचा मला आजही राग येतो.

माझ्या आत्याला अशीच थोरल्या बहिणीच्या जागी दिली होती. नवरा बिजवर, पण सज्जन. छळ कुणीच केला नाही, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

राजश्री या निर्मितीसंस्थेनं सिनेमाची हीच गोष्ट आधी 1982 साली 'नदिया के पार'मध्ये सांगितली होती. नायक आपला सचिन. ते घर खेड्यातल्या शेतकऱ्याचं, बाईमाणूस नसलेलं. आईवेगळं पोर सांभाळायचं कुणी, हा तिथे खराच प्रश्न होता. बारा वर्षांनी गोष्ट उद्योगपतीच्या बंगल्यात आली. दाराशी मोटारी, हाताखाली लल्लू-चमेली (लक्ष्मीकांत बेर्डे आणि प्रिया अरुण). अडचण सरली, तोडगा मात्र तोच राहिला. दाई ठेवता आली असती. बाप म्हणून राजेशलाही बाळाचं करता आलं असतं. पटकथा तिकडे फिरकतच नाही. निशा झालेल्या माधुरीचा चेहरा तेवढा सगळं सांगतो, आणि तो बघण्यासाठी हा सिनेमा मी पुन्हा बघेन.

परवा भाचीबरोबर बघताना होकाराच्या प्रसंगाशी मी तो थांबवला. "ही नाही म्हणाली असती तर?" मी विचारलं.

"तर मग तिला बाळाला भेटू दिलं असतं का, मावशी?" ती म्हणाली.