बांधावरची फुलपाखरे

पावसाळा सरला की मौद्याच्या आसपास, कन्हान नदीकाठी आणि धानाच्या बांधांवर एकदांडी, कुर्डू फुलतात. ऊन चढण्याआधी आम्ही मुलांना घेऊन तिकडे जातो. फुलपाखरे तेव्हा पंख पसरून ऊन खात बसलेली असतात. मोबाईल घेऊन हळू टेकावे, आपली सावली मात्र त्यांच्यावर पडू देऊ नये.

नारिंगी बिबळ्या कडवा सहज सापडतो. त्याची अळी रुईची पाने खाते. चिकाचा कडवटपणा अंगात मुरतो, म्हणून पक्षी त्याला टाळतात. दुसऱ्या एका जातीची मादी हुबेहूब त्याचेच रूप घेते आणि जीव वाचवते!

हल्ली बांधांवर तणनाशक मारतात. फुलेच नसतील तर फुलपाखरू कशाला येईल? यंदा घरच्या शेताचा एक बांध आम्ही फवारला नाही. अब्बू अजून कुरकुरतात.